रकाना क्रमांक सात

काम सोपं होतं.
शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसायचं
(बाक पाचवीच्या मापाचा, मी नाही)
आणि बाईंनी प्रश्न विचारला की घड्याळाची कळ दाबायची.
कुणी बोललं की परत दाबायची.
मधलं जे उरेल ते रकाना क्रमांक सातमध्ये.

वडारवाडीतली महापालिकेची शाळा, दुसरा मजला.
भिंतीवर सत्तावीसपर्यंत पाढे,
पुढचे पोपड्यांबरोबर गळून पडलेले.
गायधनी बाई, नोकरी एकवीस वर्षं.
पट सेहेचाळीस, बसलेले बावन्न,
कारण शेजारच्या वर्गाचे सर
मतदारयाद्या घेऊन गल्लोगल्ली फिरतायत.

सोमवारभर मोजलं.
एक पूर्णांक एक. शून्य पूर्णांक आठ. एक पूर्णांक तीन.
प्रश्न जमिनीला टेकायच्या आत
बाई तो स्वतःच झेलायच्या
आणि उत्तर फळ्यावर लिहून मोकळ्या.
मी दोष देत नाही.
बावन्न मुलांची शांतता म्हणजे मोकळं मैदान नव्हे;
दोन सेकंदांत तिथे कुणाची वेणी ओढली जाते,
कुणाचं कंपासपेटीतलं कर्कटक सापडेनासं होतं.

आमच्या प्रकल्पाच्या मॅडम म्हणतात,
तीन सेकंद थांबा, फक्त तीन,
मुलं लांब वाक्यात बोलू लागतात.
त्या हे सांगतात तेव्हा मला
सेनापती बापट रस्त्यावरचा सिग्नल आठवतो.
आकडा अजून बारावर असतो
आणि मागचा हॉर्न देत असतो.

बुधवारी अपूर्णांक.
"पाव मोठा की अष्टमांश?"
मी कळ दाबली.
आणि बाई थांबल्या.
दोन. तीन. कुणीतरी नाक ओढलं. चार.
खाली फाटकाशी टेम्पो मागे येत होता, त्याची टूंटूं.
सहा. मी मान वर केली.
सात. मलाच, मोजायला बसलेल्याला,
उत्तर ओरडून टाकावंसं वाटलं.
नवव्या सेकंदाला तिसऱ्या रांगेतून
तीन दिवसांत एकदाही न बोललेली अक्षदा धोत्रे:
"बाई, आमचे पप्पा फरशी कापतात ना,
जास्त तुकडे केले की तुकडा बारका होतो.
आणि भुगा पण जास्त पडतो."

भुगा.
बाईंनी खडू खाली ठेवला.
पाव बरोबर होता, अष्टमांश बरोबर होता,
भुग्याचं आमच्यापैकी कुणाकडेच काही नव्हतं.

मधल्या सुट्टीत म्हटलं, "बाई, काय सुंदर थांबलात!"
"थांबले कुठे? खिचडीचा टेम्पो आला का बघत होते.
परवा दोन डबे कमी उतरवले मेल्यांनी."

आता हे कुठे भरायचं?
रकान्यात तीनच चौकटी:
एकपर्यंत, तीनपर्यंत, पाचच्या वर.
मी पाचच्या वर खूण केली
आणि पेन जरा वेळ तिथेच ठेवलं.

शनिवारी प्रशिक्षण.
साठ शिक्षक, गार झालेला चहा,
पडद्यावर ठळक अक्षरांत: मुलांना विचार करायला वेळ द्या.
तज्ज्ञ म्हणाले, "काही शंका? नाही ना? पुढे जाऊ."
घड्याळ खिशात होतं, अंगठा सवयीनं चालला.
शून्य पूर्णांक सहा.
शेजारून गायधनी बाईंनी कोपरानं ढोसलं: किती?
मी दाखवलं.
त्या ओढणी तोंडाला लावून इतकं हसल्या
की पुढची रांग वळून बघायला लागली.

मग हात वर करून उभ्या राहिल्या.
"सर, एक शंका.
आठ तुकडे केले, पुन्हा जोडले,
तर फरशी पूर्वीएवढी होत नाही.
मुलीनं विचारलं तर भुगा कशात धरायचा?"

मुलीनं विचारलं नव्हतं. बाईच विचारत होत्या.

मी कळ दाबली.
सभागृहातला पंखा ऐकू यायला लागला.
तज्ज्ञांनी पाण्याचा ग्लास उचलला,
प्याले नाहीत.