सुरुवात २०४८

मंगळवारी वनमाला कोडापेच्या पोरीची नोंद घेताना
संगणक म्हणाला, जागा नाही.
अडीच किलोची पोर,
आणि जागा नाही.

डिस्क पाचशेची होती, हे मला माहीत होतं.
बसवून देणाऱ्यानं चाळीसच वाहितीला काढली,
पुढे चिमूटभर स्वॅप,
आणि त्याच्या पलीकडे सगळं पडीत.
नऊ वर्षं त्यात कोणी नांगर घातला नाही.
चाळीसातच अख्खं गाव:
जन्म, मरण, घरपट्टी, नळाची थकबाकी,
तीन सरपंचांचे ठराव,
आणि कोणीतरी लपवलेले दंडारीचे दोन व्हिडिओ.

साकोलीचा इंजिनीअर फोनवर म्हणाला,
फॉरमॅट मारून टाका, मॅडम.
मॅडम म्हटलं की मला थकलेला पगार आठवतो.
फोन ठेवला.

रात्री दहानंतर लाईन जरा धड असते.
शालिकराम काका कुलूप घेऊन दारात थांबले.
ऐन उमेदीत ते मोजणीवाल्यांची साखळी ओढायचे,
आता पंचायतीची घागर भरतात.

काळा पडदा, पांढरी अक्षरं.
माऊस बाजूला पडून राहिला.
एफडिस्क.
पी म्हणजे मांडून दाखव.
त्यानं मांडलं. मी एका पावतीच्या पाठीवर उतरवलं:
पहिला तुकडा, सुरुवात २०४८,
शेवट ८३८८८१२७.
दोनदा ताडलं, तिसऱ्यांदा काकांना वाचायला लावलं.
ते बोट ठेवून वाचत गेले,
तीन आठांपाशी अडखळले.
"ह्या खुंट्या होत काय?"
खुंट्याच, काका.
"मंग पह्यली खुंटी हालवू नोको. बाकी काईबी कर."

मधला स्वॅप,
धुऱ्यावरच्या तुरीएवढा अरुंद, पण आडवा.
त्याला आधी बंद केलं, मग काढलं. डी, दोन.
मग डी, एक.
तुकडा एक काढून टाकला आहे, असं त्यानं
चहा ठेवलाय म्हणावं तसं सांगितलं.
काकांनी कुलूप टेबलावर ठेवलं.
"गाव गेलं?"
नाही गेलं. कच्च्या कागदावरची रेघ खोडली फक्त.
धान उभं आहे तिथंच उभं आहे.
डब्ल्यू दाबेपर्यंत काहीच घडलेलं नसतं.
हे सांगताना माझे तळवे ओले होते.

एन. नवीन तुकडा.
सुरुवात? २०४८.
शेवट? दूर, पडीताच्या पार टोकाशी,
स्वॅपपुरती पट्टी सोडून.
मग त्यानं विचारलं.
विचारेल हे वाचलेलं होतं, तरी दचकले:
या जागेवर जुनी सही आढळली.
पुसायची?

"सही कोनाची?" काका.
मला सांगता येईना.
ते खिडकीबाहेर बोडीकडे बघत म्हणाले,
"मोजनीत एकदा कुसुमाच्या झाडाखाली दगड सापडला होता.
सायेब म्हने, उपटा, नवा गाडू.
म्या म्हटलं, राहू द्या, सायेब. थो आपल्यापेक्षा आधीचा हाय."

नाही, असं लिहिलं.
डब्ल्यू.
तेवढ्यात दिवा लुकलुकला,
आम्ही दोघंही त्या ट्यूबलाईटकडे
हात जोडायचेच बाकी होतो.
राहिला.

बंद करून चालू केलं. मग दुसरी आज्ञा,
ती तुकड्याच्या आत शिरून
वाहिती धुऱ्यापर्यंत पसरवत गेली.
जन्म उघडून पाहिले. मरण उघडून पाहिलं,
माझ्या बापाचं, पान तेच, तारीख तीच.
व्हिडिओही होते. एक आम्ही थोडा पाहिला.

बुधवारी पोरीची नोंद झाली.
नावाचा रकाना रिकामा, बारसं व्हायचं आहे.
दाखला मात्र निघाला नाही, प्रिंटरची शाई संपली होती.

आणि ज्या पावतीवर खुंट्या लिहिल्या
ती शालिकराम काकांच्याच घरपट्टीची निघाली.
घेऊन जा म्हटलं तर नेत नाहीत.
"ठेव तुयापाशी," म्हणतात,
"पुन्हा मोजनी आली तं?"