नेपथ्याची वही

फैजपूरच्या बंद जिनिंगात, मे महिन्यात,
पत्रे तापून टकटक वाजायचे तेव्हा
इच्छाराम झांबरेंनी खडूनं जमिनीवर चौकोन काढला.
हे घर. आता आत ये, म्हणाले.
मी जवळच्या रेघेवरून पाय टाकला.
भिंतीतून आलीस. पुन्हा.

एका फुटाला अर्धा इंच.
भुसावळच्या यार्डात तीस वर्षं डब्यांची सुतारकी केलेला माणूस
खिळे तोंडात धरून शिकवायचा,
म्हणून वहीतले अर्धे शब्द अंदाजाचे आहेत.
फ्लॅट म्हणजे चौकटीवर ताणलेलं बारदान.
गासड्यांचं जुनं चालतं, फुकट मिळतं.
वरून चिंचोक्याची खळ, दोन हात.
वाळल्यावर टिचकी मारायची,
ढोलकीगत बोललं की भिंत झाली.
टेकायचं नाही. नटांना आधीच सांगून ठेवायचं.

केळीचे खांब मी खरेच आणले, सावद्याहून, टेंपोत.
दिव्यांखाली तासाभरात पानांनी माना टाकल्या
आणि चीक ठिबकला कुंदा भिरूडच्या पातळावर.
केळीचा डाग जात नाही.
झांबरे रागावले नाहीत,
पातळाचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले.

मग त्यांनी मला शेवटच्या रांगेत, पार कडेला बसवलं.
काय दिसतं?
चूल.
अजून?
बाईची पाठ.
मग फिरव की.
चूल भिंतीशी असते, मी म्हटलं.
भिंत आहेच, त्यांनी खुर्च्यांकडे हात केला,
इथं. आपण फक्त ती बांधत नाही.

त्या रात्री यावलला, घरी, मी टेप लावला.
भिंतीपासून आई: एक फूट चार इंच.
दारापासून आई: अकरा फूट, आणि सगळी पाठ.
कळण्याची भाकरी थापताना तिचा चेहरा
मी कधीच पाहिला नव्हता,
हे आत्ता मापात आलं.
काय मोजतं वं? तिनं विचारलं, न वळता.

जळगाव केंद्रावर प्रयोग झाला.
चुलीत चाळीसचा बल्ब, वर लाल जिलेटिन,
कुंदा आमच्याकडे तोंड करून भाकरी थापत होती.
दुसऱ्या अंकात दाराची बिजागरी निखळली,
झांबरेंनी विंगेतून दार हातानं धरून ठेवलं, पूर्ण अंकभर,
आणि लोक त्यातून ये-जा करत राहिले.
परीक्षकांनी लिहिलं: नेपथ्य सूचक.

आई सातव्या रांगेत होती.
स्टँडवर आल्यावर म्हणाली,
तुह्या चुलीले भीत नही.
मग गाडी लागेपर्यंत काही नाही.
मग, पिशवी मांडीवर घेऊन:
ती बाई रडे, ते साऱ्याइले दिसे.

खिडकीकडची जागा तिनं घेतली.
दिव्यांच्या यादीखाली अर्धं पान कोरं होतं.
हे कुठल्या मापात लिहायचं
ते झांबरेंना विचारायचं राहिलं.