वाऱ्यावर सोडलेलं

अभिनंदन मगदूमनं टेम्पोतनं उतरवली ती
उद्यमनगरात, माझ्या शेडपुढं.
"मिस्त्री, एक फिन मोडलीया.
जपानचा ब्लॉक यायला चार महिने."

मी पॅटर्न करणारा माणूस.
सागवान, मेण, पॉलिशपेपर.
गाड्यांतलं कळत नाही मला,
पण ओतलेली वस्तू समोर आली
की हात आधी जातो, डोळा मागनं.

तेराशे सीसी. चार सिलिंडर एका ओळीत.
पोरं जमली, म्हणाली पैलवान गाडी.
मला ती उघडी वाटली.
ना रेडिएटर, ना पाण्याची नळी,
ना प्लास्टिकचा पदर.
"मग थंड कशानं होते?"
"वाऱ्यानं."
"म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं इंजिन,"
म्हणालो आणि हसलो,
पण हसणं अर्ध्यातच राहिलं
कारण बोट तोवर फिनांवर पोचलं होतं.

बुडाशी जाड, टोकाला बारीक.
प्रत्येक फिन. मोजून.
हा उतार वाऱ्यासाठी नाही,
हा साच्यातनं सुटण्यासाठी.
तातोबा मिस्त्रींनी पहिल्या दिवशी दिलेला धडा:
"वाळूला दुखवू नगंस.
निघताना ओरखडा दिलास
तर कास्टिंग जन्मभर सांगत बसंल."

तिकडंही कुणीतरी बसला असणार
समुद्राजवळच्या एखाद्या शेडात, चष्मा कपाळावर.
त्यालाही मालक म्हणाला असणार,
अजून पातळ कर,
आणि त्यानं मान हलवून
स्वतःला हवं तेवढंच केलं असणार.

फटींतनं रबराचे बोटाएवढे तुकडे.
हे कशाला? अभिनंदनला ठाऊक नव्हतं.
दस्तगीरनं एक उपसला, नखानं फिन वाजवली:
टणण्ण.
परत बसवला:
ठप्.
इंजिनाची घंटा होऊ नये म्हणून.
आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

तीन दिवस गेले.
दस्तगीर टिगनं थेंब थेंब चढवायचा,
मी कानशीनं उतरवायचा.
आम्ही बिडाची माणसं. बीड लाल होऊन सांगतं.
ॲल्युमिनियम काही सांगत नाही,
बघता बघता खाली बसतं.
दोनदा बसलं.
दस्तगीरनं दोनदा शिवी दिली, ती जपानला नव्हती.

चौथ्या दिवशी मला मागं बसवून गगनबावड्याला.
दसरा चौकात सिग्नल लागला
आणि नडग्यांना भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं.
थांबणं सोसत नाही हिला.
वारा हेच पाणी तिचं.

कळं मागं पडलं.
पुढं उसाची ट्रॉली, दोन डबे, लाल दिवा एकच.
गाडी पाचव्यात, चाळीसवर.
दुसरी असती तर हिसके दिले असते.
अभिनंदननं गिअर पाडला नाही,
नुसतं मनगट.
आवाज चढला नाही, खोल गेला,
आणि भरली लॅडल कलवल्यावर
रस जसा एका धारेत येतो
तसं काहीतरी खालनं आलं.
ट्रॉली, ऊस, टपावर झोपलेला पोरगा
सगळं मागं.

वळणाआधी अडीचशे किलो जाणवतात.
वळणात कुठं जातात कोण जाणे.
माझी टोपी साळवणपाशी गेली. मागायला लाज वाटली.

बावड्यात टपरीपुढं उभी केली.
धुकं, दोन चहा.
आणि ती बोलायला लागली:
टिक्.
टिक्… टिक्.
रातपाळीला ओतकाम आटोपल्यावर
वाळूतले खोके निवताना असंच करतात.
पन्नास वर्षं ऐकलं,
थंडीत उभं राहून पहिल्यांदाच.

"मिस्त्री, आपली फिन कुठली हो?"
अभिनंदन वाकून वाकून बघत होता,
त्याला सापडेना.
मला सापडली, न बघता.
टेपर केसभर जास्त पडलाय.
तातोबांची खोड.

चहा निवत होता.
मी म्हणालो,
मलाबी वळखू येईना गड्या.