दोन घरं पुढे

फ्रीजच्या दारात, लोण्याशेजारी,
आयलर्टच्या फिल्मचे अकरा डबे.
माझा कॉड मात्र बाहेर, खुंटीला,
कुरव पक्ष्यांच्या भरवशावर.
"उबेनं तिचे रंग बिघडतात," म्हणतो.
माझे बिघडले तेव्हा कुणी फ्रीज आणला नाही.

पण खरं सांगते, लाल असावा तर त्या फिल्ममधला.
आमच्या वार्डोच्या बोटी
मिठानं पांढुरक्या, पोपडे धरलेल्या;
भिंतीवर अशा उभ्या राहतात
की रंग अजून ओला आहे, हात लावू नका.
आणि सावल्या निळ्या.
"बर्फात सावली निळीच असते, तोरबियर्ग,
तू बघत नाहीस."
मग मी बघितलं.
निळीच होती.

छत्तीस चित्रं, म्हणजे महिन्याचं डिझेल.
रीळ टपालाच्या बोटीनं दक्षिणेला जायचं
आणि तीन आठवडे हा पेटीपाशी येरझारा घालायचा,
आत बायको अडलेली असावी तसा.

निगेटिव्ह म्हणजे जुनी शेजारीण,
चुकलं तरी सांभाळून घेते.
ही नाही घेत.
उजेड कमी पडला, तर काळोख.
जास्त झाला, तर काहीच नाही.

काहीच नाही म्हणजे काय,
ते शहात्तरच्या जानेवारीत कळलं.
दोन महिन्यांनी सूर्य वर आलेला, शाळेला सुट्टी,
आमची गुन्वोर धक्क्यावरून धावत आली,
गडद निळी टोपी, हातात अर्धा खाल्लेला बन.
आयलर्टनं तळहातावरचा उजेड मोजला,
मागचा बर्फ मोजला,
बोटं गारठलेली,
कडं दोन घरं पुढे सरकलं.

टोपी आहे. बन आहे.
दोरखंडाचे पीळ मोजून घ्या.
टोपीखाली फिल्म काचेसारखी स्वच्छ.

दुसरी प्रत नाही.
त्या सकाळी कॅमेऱ्यात, तिच्यापासून चार पावलांवर,
जो तुकडा होता, तोच हा.

दिव्यानंही रंग उडतात, म्हणून वर्षातून एकदाच,
सूर्य येतो त्या रात्री, आम्ही ती लावतो.
खट्ट.
भिंतीवर लहानसा पांढरा गोल.
आम्ही दोघं डोळे बारीक करून बघतो.

परवा गुन्वोरचा फोन. पंचावन्नची झाली.
"ती स्लाईड मला पाठव."
"त्यात तू नाहीस गं."
"माहीत आहे. बन आहे ना?"

पाकीट आणलंय, आत पुठ्ठाही घातलाय.
आयलर्ट म्हणतो, धूळ पुसून दे,
पण तोंडानं फुंकर मारू नकोस, बुरशी धरते.

तीन दिवस झाले,
मी श्वास धरून पुसते आहे.