स्वल्प

खानापुरात, लाकडाच्या वखारीमागं
सात महिने उघडी पडलीय माझी येझदी.
नट फुटक्या कपात, जेट गोळ्यांच्या डबीत,
आणि एक वॉशर, कुठला तो अजून कळला नाही.

रविवारी बेळगावहून दुंडप्पा मिस्त्री येतात.
हात लावत नाहीत. स्टुलावर बसून बघतात.
मी पाना आवळतो, ते म्हणतात, "स्वल्प."
मी मराठीचा मास्तर,
मला हा शब्द फक्त विरामाच्या आधी ठाऊक.
आणखी आवळला.
पाना एकदम हलका झाला हातात.
आटे गेले.
मिस्त्री तंबाखू मळत राहिले.

पॉइंटची फट सिगारेटच्या चांदीएवढी,
लिटरला ऑइल किती झाकणं,
वहीत सगळं उतरवलंय.
स्वल्प म्हणजे किती, ते कुठं लिहू?

आज चौदाव्या किकेला ती खोकली.
वखारभर निळा धूर,
भुशात झोपलेली कुत्री उठून गेली.
किकचाच दांडा वळवून गियर केला
आणि मलप्रभेच्या पुलापर्यंत पोचलो.
पुलावर बंद.

ढकलत आणली.
"पळाली काय हो?"
"स्वल्प," म्हटलं.
मिस्त्री उठले, हात झटकले,
आणि पाना मागितला.