पेल्यातली रेघ

पारीची उंची नऊ मीटर, लांबी दोनशे दहा,
असं फलकावर लिहिलंय. फलक वाकलाय.
खाण बंद पडली त्या सालापासून
आत मँगनीजची काळी गाद भरून आहे,
वर हातभर पाणी.
त्यात आभाळ बरं दिसतं.

माझं काम, रोज सकाळी पारीवरून चालायचं
आणि काही झालं नाही असं लिहायचं.

बाभळीचं रोप दिसलं की उपटते,
मूळ बोटाएवढं व्हायच्या आत.
घोरपडीचं बीळ दिसलं की काठी घालून मोजते.
एकदा अख्खी काठी गेली, मागोमाग माझा हात, खांद्यापर्यंत.
टोलीवरच्या म्हशी जिथून पार ओलांडतात
तिथे माथा वीतभर दबलाय.
पाण्याला वाचता येत नाही,
पण वीतभर कुठे कमी आहे
ते त्याला बरोबर कळतं.

बाप म्हणायचा, कोहळ्याची पोर
पार डोळ्यानं नाही, तळपायानं बघते.
चप्पल काढ. चप्पल खोटं बोलते.
पायथ्याशी ओल लागली तर भिऊ नको,
न पाझरणारी पार फक्त नकाशात असते.
पाझर निवळ असेल तर जा, नीज.
गढूळ आला तर समज,
पार आतून चालायला लागली.

म्हणून मी स्टीलचा पेला ठेवते,
बहिणीच्या लग्नात आलेला,
देणाऱ्याचं नाव कोरलेला.
नवव्या खुंटीजवळ भरायचा,
दगडावर ठेवायचा,
शंभर मोजायचे.
अकरा महिने पेला निवळ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं ओरडत आली,
खोकला-खरूज, ढेकूण-मच्छर
घेऊन जा गे मारबत!
शिवेबाहेर टाकायची रीत,
आणि गावाची शीव म्हणजे पारीचा पायथा.
पळसाच्या मेढ्या माझ्या खुंटीशी पडल्या.
सगळ्या गावाची इडापीडा माझ्या हद्दीत सोडून
पोरं पळाली, मागे न बघता.
तसा नियमच आहे.

मी मेढ्या बाजूला सारल्या. पेला भरला.
शंभर.
तळाशी रेघ.
नखाएवढी, काळी.
ओतला, विसळला, परत भरला.
शंभर. परत रेघ.

नोंदवहीत रकाना आहे, पारीची स्थिती.
आत दोनच शब्द छापलेले,
समाधानकारक, असमाधानकारक.
एकावर खूण करायची.
रेघ कुठे मांडू?
बोपचे साहेबांना फोन लावला.
साहेब म्हणाले, फोटो टाक.
फोटोत रेघ येत नाही.
पेला येतो, आणि त्यावरचं नाव.

खाली नाल्यात सयत्रा वलथरे झिंगे धरत होती,
मांडीभर पाण्यात.
वर ये, म्हटलं.
तिनं कारण विचारलं नाही, टोपली घेऊनच आली.
दुरुस्तीसाठी आणून टाकलेला ढीग
तीन वर्षं तसाच होता, त्यात गवत उगवलेलं.
आम्ही दोघींनी तो वाहिला.
आधी वाळू. तिच्यावर बारीक गिट्टी. मग जाड.

बुजवून टाक की, सयत्रा म्हणाली, चिखल थाप.
नाही. तोंड बुजवलं तर पाणी दुसरीकडे तोंड काढेल,
रात्रीचं, आपण नसताना.
पाण्याला जाऊ द्यायचं.
मातीला तेवढं धरायचं.
हे बापानं कधी सांगितलं होतं,
पार बांधताना की खाटेवरून,
आता आठवत नाही.

दिवस कलला तेव्हा वाळूतून पाणी पुन्हा वर आलं.
पेला भरला, दगडावर ठेवला.
रकाना कोराच होता, पेन केसात खोचलेलं.
मोजायला लागले.
ऐंशीच्या पुढे कुठेतरी सयत्रा वाकली,
म्हणाली, हे नाव कोणाचं गं?
मी आकडा विसरले.

थांब, म्हटलं. हलवू नको.
एक.