दोन शतांश

अरेसिफेसमध्ये जुलैत थंडी लोखंडातून येते.
पाना हातात घ्यावा तर आधी पानाच हात धरतो.
एवारिस्तो लारान्यागा आलेले बोल्ट लगेच मोजत नाही;
रात्रभर टेबलावर ठेवतो, मायक्रोमीटरशेजारी.
दोघांना एकाच थंडीची सवय होऊ दे, म्हणतो,
नाहीतर एकमेकांशी खोटं बोलतात.

बारा बोल्ट. सहा सिलिंडर, रॉडमागे दोन.
करंगळीएवढे.
संध्याकाळी एक पोरगा फडक्यात बांधून देऊन गेला,
"मोजून ठेवा, उद्या येतो," एवढंच.
कुणाच्या इंजिनाचे, ते नाही.
फडक्याच्या चार घड्या, गाठ डावीकडे.
म्हातारा त्या गाठीकडे बघत राहिला
हातातला येर्बाचा चहा निवेपर्यंत.

मी शिकाऊ. मला वाटायचं, बोल्ट स्फोटानं तुटतो.
आगीत नाही तुटत, तो म्हणाला.
आग पिस्टनला खाली ढकलते, ते रॉड अंगावर घेतो,
बोल्टाच्या गावीही नसतं.
तुटतो तो रिकाम्या खेपेत.
धूर निघून गेलेला, डोक्यावर काही नाही,
पिस्टन आपला वर, अजून वर निघालेला,
आणि त्याला तिथून माघारी खेचायचं.
ते खेचणं या दोघांच्या मानेवर.
मिनिटाला साडेचार हजार वेळा.

"तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात ना लोक?
सैल ठेवून बघ एकदा."
आवळताना बोल्ट पंधरा शतांश लांबला पाहिजे,
येणार त्या ओढीपेक्षा आधीच जास्त ओढलेला,
म्हणजे ओढ आली तरी त्याला पत्ता लागत नाही.
आणि सोडला की मुकाट आपल्या मापावर यायचं.
नाही आला, तर गेला.

ओलावारियाचा विषय या गॅरेजात निघत नाही.
मला तो पावाच्या दुकानातल्या नेलिदानं सांगितला,
सुटे पैसे मोजता मोजता:
तीन फेऱ्या उरलेल्या, लांब सरळ रस्ता,
रॉड ब्लॉक फोडून बाहेर, मग तेल, मग जाळ.
इंजिन एवारिस्तोचं. गाडीत धाकटा, फाउस्तीनो.
भुवया गेल्या, बाकी शाबूत.
एक म्हणाला, तू नीट आवळले नव्हतेस.
दुसरा म्हणाला, तू पाय एकदम काढलास.
त्याला एकोणीस वर्षं झाली.
एका चौकात दोन गॅरेजं,
मधला रस्ता कुत्रंसुद्धा ओलांडत नाही.

सकाळी बसलो. तो बोलतो, मी लिहितो.
एक्केचाळीस तीस.
एक्केचाळीस तीस.
एक्केचाळीस तीस, आणि खिडकीवर दव.
नवव्याला थांबला.
चष्मा पुसला, मायक्रोमीटरचे जबडे पुसले, पुन्हा लावला.
एक्केचाळीस बत्तीस.

दोन शतांश. केसाचा तिसरा हिस्साही नाही.
नखाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही,
चकाकी बाकीच्या अकरांसारखीच.

नववा काढला, म्हणून दहावाही काढला.
जोडीत एक नवा एक जुना चालत नाही, म्हणाला,
आणि मग बराच वेळ काही म्हणाला नाही.
कपाट उघडलं. रविवारच्या आपल्या इंजिनासाठी
जपलेल्या डब्यातले दोन घेतले, मोजले,
डोक्याखाली बोटानं तेल फिरवलं,
लेकराच्या कानामागे फिरवावं तसं.

"वहीत कुणाचं नाव घालू?"
"बोल्ट लिही. बारा."

फडकं बांधलं, चार घड्या, गाठ डावीकडे;
माझ्या हातून उजवीकडे गेली होती, ती सोडून पुन्हा.
पोरगा आला. किती झाले, विचारलं.
म्हातारा कानशींच्या खणात काहीतरी शोधत होता.
"सांग त्याला," तो खणातच म्हणाला,
"सरळीच्या शेवटी पाय हळू काढ म्हणावं."

"कुणाला?" पोरगा म्हणाला.

तोवर लेथ सुरू झाली होती.